कोरा फिल्टर

ढगांतली धूळ गोळा करायला आमचं विमान निघतं, तेव्हा बाकीचे फिल्टर ढगात उघडतात, पण एक कोरा फिल्टर बंद डबीतच वर जातो आणि तसाच परत येतो. त्याच्यावर जे सापडेल ते ढगातलं नव्हे, आमच्याच हाता-कपड्यांचं. ते मोजणीतून वजा करायचं.

"ढग आतून कसा दिसतो गं?" आई फोनवर दर वेळी विचारायची.

"काही दिसत नाही आई, खिडकी नुसती पांढरी होते," म्हणून मी घाईनं फोन ठेवायची.

ती गेल्यानंतरचं हे पहिलंच उड्डाण. आज सूक्ष्मदर्शकाखाली कोऱ्या फिल्टरवर लाल लोकरीचा तंतू दिसला. तिनं विणलेल्या माझ्या स्वेटरचा. नियमाप्रमाणे मी तो वजा केला. पण ढगात तो माझ्याबरोबर येऊन गेला होता, आणि मी त्या पांढऱ्या खिडकीपाशी एकटीच आहे असं समजून बसले होते.