मनगट सोडवण्याचे एकोणीस दिवस

पद्मजाबाई केळुसकर लालबागच्या त्या अनुदानित मराठी शाळेत लागल्या तेव्हा एकेका वर्गात साठ मुलं दाटीवाटीने बसत. निवृत्तीला आल्या तेव्हा त्यांच्या दुसरीत चौदा उरली होती. त्या चौदांत एक ओवी. सात वर्षांची, स्वमग्न. बोलत नसे. जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा पहिला पंधरवडा तिने बाकाखाली बसून चपलेचा पट्टा उघडण्यात आणि लावण्यात घालवला.

बाई जुन्या वळणाच्या, पण शिकायला लाजणाऱ्या नव्हत्या. पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिका मेघना मॅडम सांगत ते त्या करून बघत. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी सहा चित्रं चिकटवली: दप्तर, प्रार्थना, मणी, डबा, वही, घर. एक काम झालं की ते चित्र टोपलीत टाकायचं आणि पुढचं घ्यायचं. सांगायचं ते दोन-तीन शब्दांत, आणि सांगून झालं की मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. तेहतीस वर्षं बोलून पोट भरलेल्या बाईंना हे गप्प राहणंच सगळ्यांत जड गेलं. पंख्याच्या खडखडाटाने ओवी कान दाबून घेई, म्हणून तोही बंद. घाम पुसत त्या शिकवत. दिवाळीपर्यंत ओवी सहाही चित्रं पुरी करू लागली.

एक गोष्ट मात्र बाईंनी ऐकली नाही. प्रत्येक चित्र उचलायला त्या ओवीचं मनगट धरूनच तिचा हात पुढे नेत.

"बाई, तिचं मनगट सोडा आता," मेघना मॅडम ऑगस्टपासून सांगत होत्या. "आधी कोपराला नुसता हात लावा, मग बोट दाखवा, मग मागे सरका. आणि चित्र कधीतरी तिला दुसऱ्या कुणीतरी देऊ दे."

बाई हो म्हणत आणि मनगट धरत. शिक्षकांच्या खोलीत सांगत, "माझ्याशिवाय ती कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकत नाही हो!" सांगताना चेहरा फुलून येई.

डिसेंबरात बाईंना टायफॉइड झाला. तीन आठवडे त्या अंथरुणावर होत्या, आणि त्या तीन आठवड्यांत ओवीने एकही चित्र उचललं नाही. डबा भरलेला घरी जाई. नव्याने आलेल्या कंत्राटी शिक्षिका प्रिती टीचर यांच्या दंडाला ती रक्त येईतो चावली. भिंतीवर कपाळ आपटून घेतलं.

जानेवारीत बाई रुजू झाल्या त्याच दिवशी मुख्याध्यापक हितेंद्र सरांनी ओवीची आई दर्शना हिला बोलावलं होतं. दर्शना परळच्या एका लॅबमध्ये सकाळी रक्ताचे नमुने नोंदवी. ओवीच्या शाळेच्या वेळेत बसणारं तेवढंच काम तिला मिळालं होतं.

"एकतीसला केळुसकर बाई रिटायर होतात," सर म्हणाले. "मग आम्ही काय करायचं? नाव पटावरून काढत नाही. हजेरीही लागेल. फक्त मूल घरी ठेवा."

"घरी कोण बघणार सर? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात."

"ते तुम्ही बघायचं."

"ती प्रिती टीचरांकडून काम करायला लागली तर?" बाईंनी मध्येच विचारलं.

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "कामाचे एकोणीस दिवस आहेत, बाई. बघा."

चित्र हातात द्यायला बाईंनी शाळेच्या मावशींना, सुंदराबाईंना, उभं केलं.

"माझ्यान होवचा नाय ता, बाई. चावली तर?"

"चावली तर माझं नाव सांग."

"तुमचा नाव सांगून इंजेक्शन फुकट मिळतला?"

पण उभ्या राहिल्या. पहिला आठवडा बाईंचा हात फक्त ओवीच्या कोपरापाशी. हात मागे घेतला की ओवी तो शोधून आणी आणि आपल्या मनगटावर ठेवी. दिवसातून किती वेळा, ते बाईंनी मोजायचं सोडून दिलं. दुसऱ्या आठवड्यात त्या मागच्या बाकावर सरकल्या, मग दाराशी, मग व्हरांड्यात. सुंदराबाईंच्या जागी प्रिती टीचर आल्या. दोन चित्रं झाली. एके दिवशी तीन.

तेराव्या दिवशी आतून कपाळ आपटल्याचा आवाज आला. ओवीची किंकाळी जिन्यापर्यंत पोचली.

"बाई, येऊ नका! मी धरलंय तिला, उशी आहे, येऊ नका तुम्ही!" प्रिती टीचर ओरडल्या.

बाई गेल्या. मनगट धरलं. ओवी तत्क्षणी शांत झाली.

दुसऱ्या दिवशी ती उंबऱ्यातच आडवी पडली आणि बाई येईपर्यंत ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. मेघना मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शिकली ती. ओरडलं की बाई येतात, हे शिकली."

उरलेल्या दिवसांत बाई वर्गाकडे फिरकल्याच नाहीत, तळमजल्यावर जुने दाखले लावत बसल्या. एकतीसला सभागृहात शाल-श्रीफळ झालं, सरांनी भाषण केलं. त्या दिवशी ओवीने प्रिती टीचरांच्या हातून चार चित्रं पुरी केली. डब्यापर्यंत. वही आली आणि तिने टोपली भिरकावली.

"चार तर चार," सर म्हणाले. "मधली सुट्टी संपली की घेऊन जायचं. त्यापुढे माझी माणसं मी अडकवणार नाही."

बाईंनी हात जोडले तरी सर हलले नाहीत. मधली सुट्टी दहाला संपे. दहाला लॅबमधून कोण सोडणार? दर्शनाने फेब्रुवारीत नोकरी सोडली.

एकतीसला बाई शाळेतून निघाल्या तेव्हा प्रिती टीचर फाटकापर्यंत आल्या होत्या. "बाई, राग मानू नका. थोडे महिने शाळेकडे येऊ नका. तिने तुम्हाला बघितलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"नाही येणार," बाई म्हणाल्या.

मार्चमध्ये एका सकाळी सव्वादहाच्या सुमारास बाई मसाले घेऊन परतत असताना समोरून दर्शना आणि ओवी आल्या. कपाळावरची खूण लांबूनही दिसत होती. बाई झटकन बाजूच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या.

"काय देऊ, मॅडम?"

बाई रस्त्याकडे बघत होत्या. बाहेर दर्शनाने त्यांना बघितलं होतं. ती हसली नाही, थांबली नाही. चालता चालता ओवीची बाजू बदलून दुकान आणि मुलगी यांच्या मधे आली, आणि दोघी पुढे गेल्या.

"मॅडम, काय देऊ?"

"खिळे," बाई म्हणाल्या. "द्या कुठलेही."