काल-परवाच झालं जी

बोरगावच्या शेतकरी शिबिरात मी संत्रा-बागवाल्या तुळशीरामभाऊंची नक्कल करत होते आणि तुळशीरामभाऊ स्वतः पहिल्या रांगेत बसून हसत होते. खांद्यावर दुपट्टा, एक डोळा बारीक, हातात काडीपेटी. काडीपेटी उघडायची, आतला डिंकाचा खडा असा दाखवायचा जणू नवरीचा दागिना आहे, आणि मान खाली घालून म्हणायचं, "मॅडम, काल-परवाच झालं जी."

मंडप हसून लोळायचा. मी नक्कल चांगली करते. साहेबांना आवडत नाही, पण शिबिराला गर्दी कोणामुळे होते हे त्यांनाही माहीत आहे.

मी पांढुर्ण्याला सरकारच्या उद्यानिकी, म्हणजे फळबागांच्या विभागात आहे. बावीस वर्षं झाली. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा ऑफिसचा बोर्ड बदलला, खुर्च्या त्याच राहिल्या. माझं काम संत्र्याची झाडं पाहायची आणि मालकाला वाईट बातमी सांगायची. त्यातली सगळ्यात वाईट बातमी डिंक्याची. या रोगात बुंध्याची साल आतून कुजते आणि बाहेर डिंक ओघळतो. लवकर कळलं तर कुजलेली साल खरवडायची, मोरचूद-चुन्याची बोर्डोपेस्ट लावायची, झाड वाचतं. उशीर झाला तर तोडायचं.

शेतकरी डिंकाचा खडा घेऊन येतो. खडा वाळून काचेसारखा झालेला असतो. ताजा डिंक बोटाला चिकटतो, हा टेबलावर टाकला तर टणकन वाजतो. आणि मालक म्हणतो, काल-परवाच झालं. म्हणून मी नियम केला होता की शेतकऱ्यानं सांगितलेल्या दिवसांना निदान पाचानं गुणायचं. नक्कल झाली की हा नियम मी मंडपात जाहीर सांगायची. पुन्हा हशा.

त्या दिवशी चहाची सुट्टी झाली आणि फोन वाजला. नागपूरच्या हॉस्पिटलमधून सिस्टर बोलत होत्या. गुरुवारी माझ्या मिस्टरांचा डोस होता आणि डोसच्या दोन दिवस आधी त्या नेहमी फोन करायच्या. ताप, खोकला, अंगावर पुरळ. मी नाही, नाही म्हणत गेले. मग त्यांनी विचारलं, जुलाब?

इथे थोडं मागे जावं लागेल.

माझे मिस्टर प्रभाकर सौसरच्या शाळेत गणित शिकवायचे. रोज पांढुर्ण्याहून अपडाऊन. त्यांच्या डाव्या पायाच्या तळव्यावर एक काळा डाग होता. आम्ही त्याला कुरूप समजलो. मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणली, लावली, काढली, पुन्हा लावली. डाग पसरला, फुटला, तेव्हा नागपूर गाठलं. तो मेलानोमा निघाला. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळव्यावर नाही तर नखाखाली निघतो, आणि तिथे आपण पाहत नाही. मी बावीस वर्षं पानावरचे ठिपके भिंगातून पाहत आले. नवऱ्याचा तळवा पाहायला भिंगही लागत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, डाग कधीपासून आहे? प्रभाकर म्हणाले, दोन-तीन महिने. मी मध्ये बोलले, "डॉक्टर, पाचानं गुणा." आणि माझ्या धंद्यातला नियम सांगितला. डॉक्टर हसले. म्हणाले, नातेवाईक असे खरे बोलले तर आमचं अर्धं काम होतं. तेव्हापासून ते प्रभाकरांना कमी आणि मला जास्त विचारायचे. मला त्याचा केवढा अभिमान.

तळव्याचं ऑपरेशन झालं. पण तोवर रोग छातीत पोचला होता. मग इम्युनोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी नागपूरला जाऊन सलाईनमधून डोस घ्यायचा. डॉक्टरांनी ती समजावली ती माझ्या भाषेत अशी: बागेत राखणीचे कुत्रे असतात, पण रोगानं त्यांना बांधून ठेवलेलं असतं. हे औषध त्यांच्या दोऱ्या सोडतं. सुटलेले कुत्रे चोराला धरतात. कधी कधी घरच्यांनाही चावतात. आतड्यांना चावले तर जुलाब सुरू होतात. ते साधे जुलाब नसतात, त्याच दिवशी फोन करायचा. तसं एक कार्डही दिलं होतं. मी ते फ्रिजवर लावलं.

चार डोस झाले. स्कॅनमध्ये छातीतल्या गाठी निम्म्यावर आल्या होत्या. त्या दिवशी प्रभाकरांनी स्टेशनबाहेर दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि मी बोलले नाही.

मग जुलाब सुरू झाले.

आंबिया बहाराची संत्री उतरायचे दिवस होते. मॅडमचे मिस्टर आजारी म्हटल्यावर घरी संत्र्यांची क्रेटवर क्रेट येत होती. आमच्या भागात या दिवसांत कोणाचं पोट बिघडलं तर कोणी डॉक्टरला विचारत नाही. संत्री जास्त झाली, एवढंच म्हणतात. आम्हीही म्हणालो. पहिले तीन दिवस ते कदाचित खरंही वाटलं. चौथ्या दिवशी मी संत्री उचलून शेजारी दिली. जुलाब थांबले नाहीत. सहाव्या दिवशी मी फोन हातात घेतला.

"सांगू नको वो," प्रभाकर म्हणाले. "डोस थांबवतीन ते. आता तर लागू पडून राहिलं."

मी फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या कार्डावर कॅलेंडर आलं. ते कोणी लटकवलं यावर आमच्यात कधी चर्चा झाली नाही. लोहचुंबक मीच लावलं होतं.

तर सिस्टरांनी विचारलं, जुलाब? तो नववा दिवस होता. दिवसाला सहा-सात वेळा.

मी म्हणाले, "थोडे झाले. काल-परवापासून. संत्री जास्त खाल्ली त्यांनी."

सिस्टरांनी फोन डॉक्टरांना दिला. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणून मानतो, मॅडम. वाढलं तर लगेच या."

आमच्या धंद्यात पाचानं गुणतात. त्यांनी माझं उत्तर गुणलं नाही.

फोन ठेवून मी मंडपात गेले. तुळशीरामभाऊंनी माझ्यासाठी चहाचा कप धरून ठेवला होता. म्हणाले, "मॅडम, अजून एक डाव करून दाखवा ना माही नक्कल." मी करून दाखवली. आधीपेक्षा चांगली झाली, असं सगळे म्हणाले.

गुरुवारी सकाळी प्रभाकरांनी जुलाब थांबायच्या दोन गोळ्या घेतल्या. डोस लागला. येताना गाडीत ते खिडकीशी बसून पोरांचे पेपर तपासत होते, इतके खुशीत.

रविवारी बाथरूममध्ये धप्प आवाज झाला. मी दार ढकललं तर ते खाली पडले होते आणि फरशीवर रक्त होतं.

नागपूर. भरती. स्टेरॉइडची मोठमोठी इंजेक्शनं. सुटलेले कुत्रे पुन्हा बांधायचे म्हणजे हेच करावं लागतं. अठरा दिवस लागले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आता खरं सांगा. गुरुवारी कितवा दिवस होता?"

"अकरावा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला काही तरी करता आलं असतं. मी चांगली भांडते. त्यांनी फाइलमध्ये ते लिहिलं आणि म्हणाले, हे औषध आता त्यांना पुन्हा कधीच देता येणार नाही.

मी विचारलं, "मंगळवारी सांगितलं असतं तर?"

"एक डोस पुढे ढकलला असता. गोळ्या दिल्या असत्या. बऱ्याच जणांना नंतर पुन्हा सुरू करता येतं. त्यांना आलं असतं का, ते मी सांगू शकत नाही."

हे वाक्य त्यांनी दयेपोटी म्हटलं की डॉक्टर म्हणून, मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही पद्धतीनं म्हणून पाहिलं आहे. नक्कल जमते, उत्तर मिळत नाही.

वॉर्डात प्रभाकरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बुढ्याची नक्कल आता नको करत जाऊ."

"काहून?"

"तो झूठ काहून बोलते, मालूम आहे का तुले? तू गेली का झाड तोडाले लावतं. म्हणून नाही सांगत तो."

बावीस वर्षं मी समजत होते की ही माणसं आळशी आहेत.

उन्हाळ्यात गाठी परत वाढल्या. लिव्हरमध्येही निघाल्या. दुसरी औषधं देऊन पाहिली. पुढच्या आंबियाची फळं झाडावर हिरवी होती तेव्हा प्रभाकर गेले.

तेरवी झाल्यावर मी फ्रिजवरचं कॅलेंडर काढलं. मागे कार्ड तसंच होतं. काढताना उलटं झालं. मागच्या बाजूलाही मजकूर छापलेला होता, तो मी कधी वाचला नव्हता. शेवटची ओळ अशी: त्रास झाल्यास डोस पुढे ढकलला जाऊ शकतो, त्याने झालेला फायदा जातो असे नाही.

मागच्या महिन्यात तुळशीरामभाऊ ऑफिसात आले. रामाकोन्याला त्यांची बाग आहे. काडीपेटी टेबलावर ठेवली. मी उघडली नाही. म्हणाले, "मॅडम, काल-परवाच..."

मी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, "भाऊ, पहिले माझं ऐका. सांगितलं म्हणून मी बाग तोडायला लावत नाही. जेवढी वाचतील तेवढी वाचवायला येते. आता सांगा, कधीपासून?"

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बाहेर शिपाई आहे का ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पोळ्यापासून जी."

दिवाळी होऊन गेली होती. मी खुरपी घेतली आणि त्यांच्याच मोटरसायकलवर मागे बसून रामाकोन्याला गेले.

दोन झाडं तोडावी लागली. तुळशीरामभाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बाकीची दोनशे उभी आहेत.