कॅमेऱ्याला जाकीट

ईरा, मल्हार,

सुट्टीत कयाक वल्हवायला जाताना पाण्यावरून फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा, असे तुम्ही परवा विचारलेत. मी "सांगते" म्हणून फोन ठेवला. ते उत्तर बोलून देता आले नसते, म्हणून लिहिते आहे.

रिसोडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, तेव्हा तिथे उद्धव सर चित्रकला शिकवत. एखाद्याचे चित्र फसले की वही उंच धरून वर्गाला दाखवत, "पाहा, गाय मेली याची." मुले हसत. दारातून जाताना मीही हसले आहे. निवृत्तीनंतर त्यांना पाखरांच्या फोटोंचा नाद लागला. केनवडच्या बाजूला तलाव आहे. तिथे पत्र्याच्या डोंग्यात ते बसत आणि त्यांची बायको सुमन वल्हवत असे. तिचे वडील त्याच तलावात मासे धरत.

कॅमेरा घ्यायला सरांनी मला वाशिमला नेले, कारण माहितीपत्रक इंग्रजीत होते. दुकानदाराने पाण्यात पडला तरी न बिघडणारा छोटा कॅमेरा दाखवला. सरांनी त्यातून समोरच्या तारेवरचा कावळा टिपला. "हा कावळा हाय का माशी?" मग प्यायच्या ग्लासात बोटे बुडवून एकेका कॅमेऱ्याची बटणे दाबून पाहिली. शेवटी लांबचे जवळ आणणारा मोठा कॅमेरा ठरला. त्याला पाण्याचा थेंब सोसत नव्हता, म्हणून घट्ट झाकणाची पेटी घेतली, आणि पेटी तरंगावी म्हणून पाण्यात माणसे घालतात तसले एक जाकीट.

पहिल्या दिवशी मीही काठावर होते. सर पेटीला जाकीट बांधत होते. सुमन म्हणाली, "अन् मले?"

"तुले कायले? मासे धरनाऱ्याची पोर तू. माणूस भिजला तं सुकते. लेन्समधी पानी गेलं का बुरशी धरते."

ते पुढे गेल्यावर सुमन माझ्याजवळ सरकली. "मॅडम, मले पोहता नाई येत. आमच्यात पोट्टे पोहतात, पोट्ट्या काठावर जाळं झटकतात. सरायले सांगू नका. चार लोकायत हासतीन मले."

मी सांगितले नाही. नवराबायकोच्या मध्ये कशाला पडा, असे मला वाटले.

दिवाळीनंतर एका सकाळी फोटोसाठी सर डोंग्यात उभे राहिले आणि डोंगा उलटला. सर पेटीपर्यंत पोहत गेले, जाकिटाला धरून काठाला लागले. पेटी उघडून कॅमेरा कोरडा असल्याचे पाहिले आणि मग मागे वळून सुमनला हाक मारली. हे त्यांनीच मला सांगितले, सुमन गेल्यावर मी भेटायला गेले तेव्हा.

"मासेवाल्याची पोर, मॅडम. येईल मागून, असंच वाटलं मले."

"तिला पोहता येत नव्हतं, सर. ती बोलली होती मला."

"मंग मले काहून नाई सांगतलं तिनं?"

"तुम्ही हसाल म्हणून."

"अन् तुमी काहून नाई सांगतलं?"

मी उठून घरी आले. पुन्हा गेले नाही.

तर कॅमेरा कोणताही घ्या, पण पाण्यात पडला तर सोडून देता येईल असा. जाकीट आधी अंगात घाला. सोबतच्याला पोहता येते का, हे तोंडाने विचारा, आणि कोणी नाही म्हणाले तर गप्प बसू नका.

सरांकडे पाखरांचे हजारो फोटो आहेत. सुमनचा एकच उरला आहे. तो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे.