मख्ख

आज कांद्याचं पोतं सोडलं तर आतून कुजका वास आला. ते देणारा भाजीवाला म्हणाला, "बाई, काढायच्या आधी पाणी द्यायचं उशिरा तोडलं असन." आणि तीस वर्षांपूर्वीची, देऊळघाटच्या शाळेतली सुनंदा डोळ्यांपुढे उभी राहिली.

माझं नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. झाडाला जितकं पाणी द्याल तितकं ते जोमानं वाढतं, असं मी शिकवत होते. सगळी मुलं माना डोलावत होती. कांदा लावणाऱ्या घरची सुनंदा तेवढी माझ्याकडे एकटक बघत बसली होती. नखांत ओली माती तशीच.

"मख्ख कुठली. डोक्यात काही शिरतं का?" मी म्हणाले.

ती हळूच उठली. "बाई, कांदा काढायच्या आधी पाणी तोडा लागते. नाही त सडते."

"पुस्तकात आहे तेवढंच बोलायचं. बस खाली."

ती बसली. वर्ष संपेपर्यंत पुन्हा काही बोलली नाही. विचारलं की इतरांसारखी नुसती मान हलवायची.

सांगितलेलं ज्याच्या आत शिरत नाही, ते माणूस मख्ख. त्या दिवशी वर्गात असं एकच माणूस होतं, आणि सगळ्यांना त्याचंच ऐकावं लागत होतं.