कातळावरचं पाणी

देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तो देवघरापुरता. पायांत चपला सरकवून बसवनगुडीच्या रस्त्याला लागलो की मी कारखान्यातला माणूस. कोण्या नवसाची गोष्ट निघाली की मला हमखास जांभई यायची. माझे थोरले भाऊ, आमचे अण्णा, माझ्या अगदी उलट. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात राहून आमच्या मराठीत अर्धी कन्नड शिरली, तरी घरातली एकेक रीत त्यांनी जिवापाड जपली होती.

त्यातलीच एक शिकारीची. शिमगा झाला की येणाऱ्या पहिल्या रविवारी बंदूक भवानीपुढं ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि निघायचं. जनावर जखमी होऊन निसटलं, तर ते सापडेपर्यंत गोळी घालणाऱ्यानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. "ते आपल्यामुळं तहानेनं तडफडतंय, मग आपल्या घशाखाली पाणी कसं उतरेल?" असं अण्णा म्हणत. मी म्हणायचो, "नेम चांगला धरा म्हणजे झालं!" ते हसत. त्यांचा नेम कधी चुकलाच नव्हता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी अण्णांना छातीचं दुखणं झालं होतं. उन्हात फिरू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऐकतील तर शपथ! "सांभाळून आणा हो त्यांना, भावजी," म्हणत वहिनींनी पाण्याची सुरई मोटारीत ठेवली. कनकपुऱ्याच्या बाजूला झुडपी रानात अण्णांनी एका चितळावर गोळी झाडली. ते कोसळलं, उठलं आणि तीन पायांवर पळालं.

ऊन चढेपर्यंत आम्ही माग काढत होतो. मग अण्णा एका चिंचेखाली बसले ते उठेचनात. ओठ पांढरे पडले होते, शब्द जड येत होते. मोटारीतून बरोबर घेतलेली सुरई मी पुढं केली, त्यांनी तोंड फिरवलं. मी चिडलो, हात जोडले, शेवटी रडकुंडीला आलो. उचलून न्यावं तर त्यांचं अंग भारी, मोटार लांब. "सरी, बरं, जा तू," ते पुटपुटले. "स्वल्प रक्त दिसलं तरी माग सोडू नकोस." सापडलं म्हणून खोटं सांगावं, असं मनात आलं. पण त्यांच्या डोळ्यांकडं बघून ते तोंडातून निघेना.

रक्ताचा थेंब दिसला की तिथं वाळकं पान ठेवायचं आणि वर खडा, म्हणजे माग हरवत नाही. तशी पानं ठेवत मी एकटा पुढं गेलो. थेंब एका मोठ्या उघड्या कातळावर चढले आणि बरोबर मधोमध थांबले. पुढं काही नाही, चहूकडं कोरडा दगड. पाखरू बोलत नव्हतं. मी हाक मारली, ती मलाच नीट ऐकू आली नाही. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. परत फिरलो तर मी ठेवलेली पानं ओली झाली होती. खडे जागच्या जागी होते, आणि त्यांच्याखालचं रक्त कुणीतरी धुऊन काढावं तसं नाहीसं झालेलं.

तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, मी देवघराबाहेर देवीला हाक मारली. "आई, मला काही कळत नाही. माझे अण्णा तेवढे दे." मान वर केली तर कातळाच्या कडेला एक बाई रिकामी घागर उपडी करत बसली होती. तिच्या पदराला रक्त लागलं होतं. हरण दिसलं का, असं मी कन्नडमध्ये विचारलं. तिनं वर न बघता सांगितलं, "नीरू कुडिसिदीनि. अवनिगू कुडिसप्पा." म्हणजे, हरणाला पाणी पाजलंय मी, आता त्यालाही पाज, बाबा.

मी धावत सुटलो. अण्णांबद्दल मी तिला अवाक्षर बोललो नव्हतो, हे वाटेत ध्यानात आलं. मागं वळून पाहिलं तर कातळावर कुणी नव्हतं.

अण्णा डोळे मिटून पडले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "प्यालं का रे ते?"

"प्यालं, अण्णा." ते उठून बसले आणि घटाघटा पाणी प्यायले. मी मात्र लहान पोरासारखा रडलो.

ती त्या रानातली कुणी गुराखीण असेल. असू दे. हरण आम्हाला सापडलं नाही, आणि ते सापडायलाच हवं हा हट्ट अण्णांनी तिथंच सोडला. बंदूक भवानीपुढं ठेवली ती पुन्हा उचलली नाही. पुढं कितीतरी वर्षं मला अण्णांचा सहवास मिळाला, तो मी मागून घेतलेला प्रसाद आहे. सगळं आपल्या हातानं पुरं व्हायला हवं, असा माझाही हेका होता. आपण दमून बसतो तिथून पुढं ती चालते, एवढंच मला कळलं आहे.

आता अण्णा नाहीत. शिमग्यानंतरच्या रविवारी मी परसात पाण्यानं भरलेली परात ठेवतो आणि आत येऊन बसतो. थोड्या वेळानं परात रिकामी झालेली असते. कोण पितं ते मी बघायला जात नाही. ते पिऊन झालं की मग मी माझा पेला उचलतो.