बुधवारी कोण असायचं?

कॉलेजात असताना मी अकरा पत्रकं लिहिली. बसच्या पासवर, हॉस्टेलच्या कोरड्या नळांवर, मुलींना संध्याकाळी सहानंतर बंद होणाऱ्या वाचनालयावर. त्यातल्या दहांखाली आजही सही करीन. अकरावं परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, तरी.

ते कॉम्प्युटर रूमबद्दल होतं. तळमजल्यावरची लांबट खोली, खिडक्यांना जाड पडदे, चपला बाहेर काढून आत जायचं. देवघरालासुद्धा आमच्याकडे एवढं सोवळं नव्हतं. आत आठ टर्मिनल्स, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. शेजारच्या एका मोठ्या संस्थेच्या लाइनवरून आमचं कॉलेज बाहेरच्या जगाशी जोडलेलं होतं. पण खातं मिळायचं ते फक्त शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्यांना. बाकीच्यांनी दाराच्या काचेतून बघायचं. मशीन्स सगळ्या विद्यार्थ्यांच्या नावानं मागवायची आणि दार मोजक्यांना उघडायचं, याला काय म्हणतात ते मी तेव्हा पत्रकात लिहिलं होतं, इथे लिहीत नाही.

आमच्या तिघांत मिळून एकच खातं होतं. ते अक्काचं. अक्का माझी सीनियर, यशवंतपूरला राहणारी, आमच्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. दुसरी मी. तिसरा माझ्या वर्गातला हॉस्टेलवरचा मुलगा. तो पुण्याचा होता आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही, म्हणून आम्ही त्याला पुणेकरच म्हणायचो. सकाळी सहा ते आठ लाइन मोकळी असायची आणि दारात कोणी नाव विचारत नसे. वार वाटून घेतले होते: सोमवार-गुरुवार माझे, मंगळवार-शुक्रवार पुणेकराचे, बुधवार-शनिवार अक्काचे.

आणि त्या दोन तासांत आम्ही खेळायचो. युरोपातल्या कुठल्याशा कॉलेजच्या मशीनवर एक गाव वसवलेलं होतं. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. ‘तुम्ही विहिरीपाशी उभे आहात. उत्तरेला जंगल आहे.’ उत्तरेचं अक्षर दाबायचं, थांबायचं, आणि मग जंगल एकेक ओळ करत खाली उतरायचं. कधी कधी एवढा वेळ लागायचा की कँटीनमधून चहा आणून होईल. त्याच वेळी कुठली कुठली पोरं त्या गावात हिंडत असायची, लढत, भांडत, एकमेकांना वाट दाखवत. आमचं तिथलं पात्र म्हणजे एक वैद्यीण. जखमी माणसांना बरं करायची. बरं केलं की तिची ताकद संपायची, आणि ती परत भरायची तर विहिरीच्या कट्ट्यावर तास-दोन तास नुसतं बसावं लागे. पुणेकर दोन दिवसांत सगळी ताकद उधळून टाकायचा. भरायचं काम अक्काच्या वारांना.

बाहेरच्यांच्या लेखी ती एकच बाई होती. म्हणून आम्ही शंभर पानी वही ठेवली होती. आपल्या वारी काय घडलं, कुणाला काय सांगितलं, ते लिहून पुढच्याला द्यायचं. ‘आपल्याला सर्दी झाली आहे असं सांगितलंय. उद्या शिंकणे.’ हे माझं. ‘शिंकलो. तीनदा. पुढच्या वेळी जरा कमी त्रासाचा आजार निवडावा ही विनंती.’ हे पुणेकराचं. अक्काची नोंद दर वेळी एकच: ‘विशेष नाही.’

कंदीलवाला आम्हाला पहिल्याच महिन्यात भेटला. त्या गावात जंगलात, तळघरात अंधार असायचा. हातात दिवा नसेल तर पडद्यावर ‘काहीच दिसत नाही’ एवढंच यायचं. नवखे लोक घाबरून तिथेच उभे राहायचे. हा माणूस लढायचा नाही. कंदील घेऊन अशा लोकांना बाहेर काढायचा. एका सोमवारी मी अंधारात अडकून चिडून इंग्रजी लिपीत मराठीतच काहीतरी बडबडले, आणि अक्षरं आली, तीही मराठीत: ‘काय गं, जेवलीस का?’

सकाळचे सव्वासहा वाजले होते.

मला सांगता येणार नाही काय झालं ते. मराठी माझ्यासाठी आईची, मावशीची, हळदीकुंकवाची भाषा. दाराबाहेर तिला कोणी ओळखत नसे. आणि ती तिकडे, परक्या गावातल्या अंधारात, माझ्याशी बोलली. तो वऱ्हाडातला होता, उत्तरेकडच्या एका कॉलेजात शिकत होता. खरं नाव विचारणं त्या गावात असभ्य समजत, म्हणून विचारलं नाही. मी कन्नड मिसळून ‘स्वल्प थांब’, म्हणजे जरा थांब, लिहिलं की तो हसायचा. मग तोच मला ‘स्वल्प थांब, जंगलात अस्वल आहे’ म्हणून डिवचायला लागला.

मी त्याच्याशी भांडायचे. मेसच्या जेवणावर त्यांनी संप का केला नाही, वसतिगृहाच्या समितीत विद्यार्थी का नाहीत, तू स्वतः काय करतोस. तो म्हणायचा, ‘तू सोमवारी फार चिडलेली असतेस. मंगळवारी एकदम शिष्टासारखी बोलतेस. बुधवारी वेगळीच असतेस.’ मी वहीत लिहिलं, ‘जपून. त्याला फरक कळतोय.’ पुणेकरानं खाली लिहिलं, ‘शिष्ट कोण?’ अक्कानं लिहिलं, ‘विशेष नाही.’

रविवारी रात्री मी स्वेटर उशाशी घेऊन झोपायला लागले. सोमवारची पहिली बस चुकू नये म्हणून. घरी वाटायचं, पोरगी अभ्यासाला लागली.

मग ती नोटीस लागली. कॉम्प्युटर रूमचा ‘वापर मर्यादित असल्याने’ आणि ‘काही विद्यार्थी खेळात वेळ दवडत असल्याने’ सकाळची वेळ बंद करण्याचा विचार आहे, नवी खाती देण्याची गरज दिसत नाही. वापर मर्यादित! दार तुम्हीच बंद ठेवायचं आणि म्हणायचं कोणी येत नाही! मी त्याच दुपारी कँटीनमध्ये लिहायला बसले. मुद्दा साधा होता. गरज नाही म्हणता? इथे एकेका खात्यावर तीन-तीन विद्यार्थी वार वाटून बसतात. आम्हीच बसतो. आणि हो, खेळतो. त्या खेळात आम्ही आठवड्याभरात जेवढ्या लोकांशी बोललो तेवढ्यांशी हे कॉलेज चार वर्षांत आमची गाठ घालून देणार नाही.

पुणेकरानं वाचून कागद माझ्यापुढे सरकवला. ‘हे छापू नकोस.’

‘खोटं आहे का?’

‘खरं आहे, म्हणूनच सांगतोय. लढा दे, पण स्वतःचा कबुलीजबाब कशाला देतेस, बाई?’

अक्का इडलीचा तुकडा सांबारात बुडवत होती. ‘बिडु गं,’ एवढंच म्हणाली. सोड गं.

मी सोडणाऱ्यातली नव्हते. स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइल केलं, शाईचे हात घेऊन सगळ्या वर्गांत वाटलं. इथवरही ठीक होतं. पण सोमवारी सकाळी मी तेच इंग्रजीत, वैद्यिणीच्या नावानं, त्या गावाच्या सूचना-फलकावरही लिहिलं. विहिरीपाशी एक फलक होता, कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. जगभरच्या विद्यार्थ्यांचा पाठिंबा मिळवणार होते मी. कंदीलवाल्याचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. मला वाटलं, त्याला माझा अभिमान वाटेल.

गुरुवारी तो कट्ट्यावर बसलेला होता. ‘काय गं’ नाही, ‘जेवलीस का’ नाही. थेट:

‘बुधवारी कोण असायचं?’

मी लिहिलं, ‘का?’

‘सांग.’

‘सोमवारी आणि गुरुवारी मी असते.’

‘आत्ताच फलक वाचला, ते कळलं. बुधवारी?’

मी ‘मी’ असं लिहिलं. दोनच अक्षरं, इंग्रजी लिपीतली. नुसतं एंटर दाबायचं बाकी होतं. अकरा पत्रकं लिहिलेली मुलगी मी, कुलगुरूंच्या तोंडावर खरं बोललेली, आणि त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून बसले होते. मग ती खोडली. ‘अक्का. आमची सीनियर. शनिवारीही तीच.’

‘तिला विचार,’ तो म्हणाला. अक्षरं सावकाश येत होती. लाइन वाईट होती की तो थांबत थांबत लिहीत होता, कोण जाणे. ‘दोन महिने मी तिला विचारतोय. शिकणं सोडून घरी जाऊ की नको. दर बुधवारी सगळं सांगतो. ती हं म्हणते. मला वाटायचं, विचार करून सांगणार आहे.’

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्याच्याशी मेसच्या संपाबद्दल बोलत होते.

‘शनिवारी ती स्वतः सांगेल,’ मी लिहिलं. ‘माझा शब्द. तोवर कुठे जाऊ नकोस.’

‘सरी,’ तो म्हणाला. ‘ठीक आहे’साठीचा हा कन्नड शब्दही माझ्याकडूनच उचललेला.

दुपारी मी यशवंतपूरला अक्काच्या घरी गेले. ती गच्चीवर वाळवणाच्या मिरच्या उलथत होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

‘अगं, मी ऐकतच नव्हते,’ ती म्हणाली. ‘वैद्यिणीला कट्ट्यावर बसवायचे आणि शेजारी कागद घेऊन प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहायचे. पडद्यावर काहीतरी येत राहायचं. अधूनमधून मान वर करून हं लिहायचे.’

‘दोन महिने?’ मी ओरडलेच. ‘एक माणूस दोन महिने तुझ्यापुढे काळीज काढून ठेवतोय आणि तू रिपोर्ट लिहितेस?’

‘ओरडू नको, खाली अप्पा झोपलेत.’ मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आणि तू गं? तू तरी ऐकलंस? तुला तो काही सांगू शकला असता का? तू म्हणजे सदा माइकवर.’

मी तिच्याशेजारी बसून मिरच्या उलथायला लागले. भांडण अर्धवट सोडणं ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना आहे.

मग मी विचारलं, ‘शनिवारी त्याला काय सांगशील?’

अक्कानं एक मिरची उचलली, परत ठेवली. ‘काय सांगू? जा कसं म्हणू, थांब कसं म्हणू? मला त्याचं काही माहीतच नाही. म्हणेन, सरी, आता ऐकते. पहिल्यापासून सांग.’

शुक्रवारी दुसरी नोटीस लागली. खात्यांचा गैरवापर होत असल्याचे विद्यार्थ्यांनी स्वतःच लेखी कबूल केल्यामुळे चौकशी होईपर्यंत सर्व खाती बंद. पुराव्यादाखल माझं पत्रक जोडलं होतं. ‘वार वाटून बसतात. आम्हीच बसतो’ या ओळीखाली लाल शाईची रेघ. पुणेकर शेजारी येऊन उभा राहिला. ‘सांगितलं होतं’ असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो तसं म्हणाला नाही, तेच जास्त लागलं.

शनिवारी सकाळी सहाला अक्का आणि मी तरीही गेलो. दाराला कुलूप. अक्का सवयीनं चपला काढून थंड फरशीवर उभी. वॉचमन अण्णानं आम्हाला बघून नकारार्थी हात हलवला: ‘इल्लम्मा, क्लोज.’ मी त्याच्याशी भांडले. त्याचा काय दोष? मी विभागप्रमुखांच्या घरी गेले, शेजारच्या संस्थेत गेले, कुणाच्या तरी ओळखीनं दोन ओळी पाठवता येतील का म्हणून चार दारं ठोठावली. कुणाला पाठवायच्या, असं प्रत्येकानं विचारलं. माझ्याकडे नाव नव्हतं.

लढा आम्ही जिंकलो, हेही लिहायला हवं. चौकशीत खाती कमी पडतात हे मान्य झालं आणि पुढच्या टर्मला प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं खातं मिळालं. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, कँटीनमध्ये केसरीबात, आपला केशरी शिरा, वाटला. तोवर अक्का पास होऊन इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत रुजू झाली होती. मी माझ्या एकटीच्या खात्यावर, सोमवारी सकाळी सहाला, तीच वैद्यीण होऊन त्या गावात गेले. फलकावर माझं पत्रक तसंच होतं. पाठिंबा एकाचाही नव्हता. कट्ट्यावर फिनलंडची एक मुलगी बसायची, तिला विचारलं. ती म्हणाली, हो, कंदीलवाला आठवतो. शेवटचा आला तेव्हा दिवसभर इथेच बसून होता, कंदील लावून. कुणाची वाट बघतोस विचारलं तर म्हणाला, वैद्यिणीची. कुठला वार होता ते तिला आठवत नव्हतं. मी सांगू शकले असते.

तो घरी गेला की शिकत राहिला, मला माहीत नाही. कुठल्याशा तालुक्याच्या गावी तो आज सुखात असेल, किंवा मोठा इंजिनियर झाला असेल, आणि आमची आठवणही नसेल. हे मी स्वतःला सांगते. त्यानं काही फरक पडत नाही.

मी माझं पत्रक फलकावरून काढलं आणि तिथे मराठीत दोन ओळी लिहिल्या: ‘आता ऐकते. पहिल्यापासून सांग. बुधवारी असते.’ हल्ली फलकावरचा मजकूर महिन्याभरानं आपोआप पुसला जातो, मग मी परत लिहिते.

आता गल्लीगल्लीत सायबर कॅफे आहेत. आमच्या कोपऱ्यावरचा सातला उघडतो. ‘इष्टु बेगा?’ असं मालक दर बुधवारी विचारतो, एवढ्या लवकर? मी तिथून त्या गावात जाऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसते. येणारे-जाणारे काही सांगतात, कुणाची परीक्षा, कुणाचं प्रेम, कुणाचं घर. मी हं लिहिते, आणि वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत. जेवलीस का, असं अजून कुणी विचारलेलं नाही.