शोभाकाकूंचा मंगळवार

शोभाकाकू अमेरिकेत अल्फारेटाला आल्या त्या २००८च्या एप्रिलमध्ये, सहा महिन्यांसाठी, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणाला रांग लावली. रांग आधीही होती, पण आपली, म्हणजे तीन बाजूंनी श्रीखंडाकडे जाणारी. काकूंनी पदर खोचला, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि "एकामागून एक, प्लीज," एवढंच म्हणाल्या. शंभरेक इंजिनिअर निमूट एका ओळीत आले. माझ्या नवऱ्यानं हळूच विचारलं, "या कुठल्या कंपनीत मॅनेजर आहेत?"

त्या मॅनेजर नव्हत्या. इंग्लंडात लेस्टरजवळच्या एका लहान गावात त्यांनी सव्वीस वर्षं पोस्ट चालवलं होतं. पुढे किराणा दुकान, मागच्या कोपऱ्यात काचेमागे पोस्टाची खिडकी. दुकान त्र्यंबककाका बघायचे, खिडकी काकू. काका दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि २००८च्या फेब्रुवारीत पोस्टही बंद झालं. तेव्हा यतीन, त्यांचा मुलगा, आईला इकडे घेऊन आला. मी त्यांच्या समोरच्या घरात राहत होते. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. म्हणजे ऐकायला मी दिवसभर मोकळी होते, आणि हे काकूंनी दुसऱ्याच दिवशी हेरलं.

ब्रिटनबद्दल त्यांच्या तक्रारींना अंत नव्हता. डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत खोकला आपोआप बरा होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनला नंबर लागेपर्यंत माणूस चालायचंच सोडून देतो. कचऱ्याची गाडी आठवड्याऐवजी पंधरवड्यानं येते. गावात जन्मलेल्या पोरांना गावात घर घेणं परवडत नाही. पण हे सगळं बोलायचा हक्क फक्त त्यांचा. यतीन एकदा म्हणाला, "आई, तुमच्याकडे सगळंच मोडकळीला आलंय यार." काकूंनी लाटणं खाली ठेवलं.

"आलंय. पण तुझा जन्म त्याच हॉस्पिटलात झाला आणि कोणी आम्हाला बिल दिलं नाही. तुझ्या लेकीच्या, यामिनीच्या वेळचं बिल सांगतोस का?"

 यतीन गाडी धुवायला गेला.

पोस्टाची हकिगत मात्र त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितली. मंगळवार त्यांच्याकडे पेन्शनचा वार. म्हातारी माणसं नटूनथटून यायची, पेन्शन घ्यायची आणि तासभर हलायची नाहीत. मग सरकारनं पेन्शन थेट बँकेत वळवली. गर्दी आटली आणि वर्षाच्या आत पत्र आलं, की या पोस्टाची आता गरज दिसत नाही. काकूंनी सह्यांची मोहीम काढली. त्याआधीपासून त्यांचीही एक पुटपुट होती, "फार लोक आलेत हो बाहेरून." पोलंडहून आलेली पोरं शेतांवर कामाला होती, त्यांच्याबद्दल. त्र्यंबककाका असताना यावर म्हणायचे, "आणि आपण? आपण काय लेस्टरच्या झाडाला लागलो होतो?" सह्या गोळा करायला बसल्या तर पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त सह्या याच पोरांच्या. घरी पार्सलं पाठवायला त्यांना पोस्ट हवं होतं. "फार लाज वाटली," काकू म्हणाल्या. "आणि त्यांची नावं वाचता वाचता डोळे गेले, ते वेगळंच."

खासदार आले, काकूंसोबत फलक धरून फोटो काढून घेतला आणि पार्लमेंटात पोस्टं बंद करण्याच्या बाजूनं मत देऊन मोकळे झाले. तो फोटो काकूंनी इकडे येताना आणला होता. 

मे महिन्यात त्यांची दिगंबरकाकांशी गाठ पडली. हे नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते आणि रोज आमच्या बंद गल्लीत अठरा चकरा मारायचे. "गाडी येत नाही, बस नाही, फुटपाथ संपला की रस्ता संपला," ते म्हणाले. "शिक्षा नाही म्हणा, पण जामीनही नाही, बाप्पा." मग कळलं की पलीकडच्या घरात साताऱ्याच्या सुमित्रामावशी आहेत. दाराचा अलार्म कसा बंद करायचा ते समजत नाही, म्हणून त्या अकरा दिवस घराबाहेर पडल्या नव्हत्या. लेकीला सांगायचा संकोच.

काकूंनी अलार्मची कृती मराठीत एका कार्डावर लिहून दिली, पुरणपोळीची लिहावी तशी. आणि पुढच्या मंगळवारी यतीनचं गॅरेज उघडून त्यात टेबल मांडलं.

टेबलावर पेनं, गोंद, फोनकार्डं. कोणाला व्हिसा वाढवायचा फॉर्म भरून हवा असे, कोणाला नातवाची इंग्रजी ई-मेल समजून घ्यायची असे, बहुतेकांना काहीच नको असे. जूनपर्यंत चौदा म्हातारी माणसं झाली. आणायला-सोडायला मुलं ऑफिसला जाता जाता गाड्या थांबवू लागली. आणि आमच्या वसाहतीच्या, म्हणजे सबडिव्हिजनच्या, असोसिएशनचं पत्र आलं, की गॅरेजमधून व्यवसाय चालवणं नियमाविरुद्ध आहे.

राधिका, म्हणजे यतीनची बायको, घाबरली. "आई, प्लीज, कॅन्सल करा हे." काकू मात्र खुलल्या. बऱ्याच दिवसांनी उत्तर देण्याजोगं पत्र आलं होतं. त्यांनी हातानं चार पानी उत्तर लिहिलं आणि मीटिंगला स्वतः गेल्या. मी गाडी चालवायला होते.

अध्यक्ष वॉल्टर नावाचे उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही तिथे विकता काय?"

"काही नाही."

"मग लोक कशाला येतात?"

 "माझ्या गावात एक बाई रोज एकच तिकीट घ्यायची," काकू म्हणाल्या. "पाच वर्षं. तिला पत्र लिहायला कोणी नव्हतं, हे मला माहीत होतं. तिनं तिकिटं कपाटात ठेवली होती. पोस्ट बंद झालं तेव्हा ती मला म्हणाली, आता मी सकाळी केस कशाला विंचरू?"

 वॉल्टरनी चष्मा पुसला. मला वाटलं, जिंकलो. मग ते म्हणाले, "मॅडम, मला वाईट वाटतं. पण गॅरेजचं दार दिवसा उघडं ठेवता येत नाही आणि दारासमोर दोनच गाड्या चालतील. नियम आहे."

"नियम आहे तर आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांच्याशी हात मिळवून आल्या. गाडीत मी चिडले होते, तर मलाच समजावलं, "अगं, निदान तोंडावर नाही म्हणाले. फोटो नाही काढला."

मंगळवार जेवणघरात गेला. गाड्या कमी कराव्यात म्हणून मी सकाळी आमची मिनीव्हॅन काढून घरोघर फिरू लागले. उशीर झाला तर काकू घड्याळाकडे बघायच्या, बोलायच्या नाहीत. ते जास्त लागायचं.

ऑक्टोबरात सहा महिने भरले आणि त्या गेल्या. यामिनी विमानतळावर म्हणाली, "आजी, यू कॅन जस्ट स्टे." काकूंनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की तिकडे त्यांची वाट बघतात. कोण, ते सांगितलं नाही. दिगंबरकाकांनी महिनाभर टेबल सांभाळलं, मग तेही नागपूरला परतले. आता सुमित्रामावशी बसतात. लेकीनं त्यांना ग्रीन कार्ड करून घेतलंय.

डिसेंबरात काकूंचा फोन आला. त्यांच्या गावच्या पंचायतीत एक जागा रिकामी झाली होती, काकू उभ्या राहिल्या होत्या आणि विरोधात कोणीच न आल्यानं मतदानाशिवाय निवडून आल्या होत्या. आवाज नाराज होता. दोनशे पत्रकं छापून पडली होती.

"मग वाटून टाका ना आता," मी म्हटलं.

"वाटतेच आहे," त्या म्हणाल्या. "दोन गल्ल्या झाल्या. प्रत्येक घरात चहा घ्यावा लागतो, त्यामुळे वेळ लागतोय."